मधली चित्रे

एक मूल चेंडू झेलावयास हात वर नेते. हात खाली असतानाचे एक चित्र काढले आणि हात वर पोहोचल्यानंतरचे दुसरे काढले, तर मुलाने काय केले ते कोणासही समजते. परंतु हीच दोन चित्रे पडद्यावर एकापाठोपाठ दाखविली, तर हात वर गेलेला दिसत नाही. तो एका ठिकाणी नाहीसा होऊन दुसऱ्या ठिकाणी उगवतो. तो जाताना दिसावयाचा असेल, तर या दोहोंच्या मध्ये आणखी पाच, सात, अकरा चित्रे घालावी लागतात. बोलपट आल्यापासून पडद्यावर दर सेकंदास २४ चौकटी सरकू लागल्या. पुष्कळदा एकच चित्र दोन चौकटींसाठी वापरून काम भागवीत. तरी सेकंदास बारा चित्रे हवीतच.

ही मधली चित्रे कोणी काढावयाची, या प्रश्नाभोवती अॅनिमेशन नावाच्या कलेचा पुष्कळसा इतिहास फिरला आहे. आरंभी कलावंत ती स्वतः काढी. पुढे त्याचा मदतनीस काढू लागला. १९७०च्या सुमारास हे काम संगणकावर सोपवावे, असा विचार निघाला. कारण ते काम यांत्रिक आहे, त्यास बुद्धी लागत नाही, असे सर्वांनी गृहीत धरले होते. त्या गृहीताचे पुढे काय झाले, ते पाहण्यासारखे आहे.

पॅरिसचा एमिल कोल याने १९०८ साली ‘फॅन्टास्मागोरी’ हा छोटा चित्रपट केला. त्याची सुमारे ७०० चित्रे त्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत ओळीने काढली. आपल्याकडे दादासाहेब फाळक्यांनी १९१५च्या सुमारास आगकाड्यांची मौज पडद्यावर दाखविली, तीही अशाच ओळीच्या रीतीने: काडी किंचित हलवावी, एक चौकट टिपावी, पुन्हा हलवावी. या रीतीत पुढचे पाऊल मागच्या पावलातूनच निघते. मधले आणि कडेचे असा भेद त्यात नसतो, आणि म्हणून कामाची वाटणीही करता येत नाही.

ती वाटणी प्रथम ज्याच्या कामात दिसते, तो अमेरिकेतील वृत्तपत्रांचा चित्रकार विन्सर मॅके होय. ‘गर्टी द डायनोसॉर’ हा त्याचा चित्रपट १९१४ सालचा. गर्टी ही एक अजस्र, लाडावलेली, रुसणारी प्राचीन सरडी. तिचा श्वास किती वेळाने वरखाली व्हावा, हे ठरविण्यासाठी मॅकेने स्वतःचाच श्वासोच्छ्वास घड्याळ लावून मोजला, असे सांगतात. चित्रे काढताना तो ओळीने जात नसे. हालचालीची दोन टोके आधी काढी. मग बरोबर मधले चित्र. मग त्या अर्ध्यांचे अर्धे. या रीतीस त्याने ‘स्प्लिट सिस्टिम’ असे नाव दिले होते आणि ती कोणापासून लपविली नाही. जॉन ब्रे नावाच्या गृहस्थाने वार्ताहर म्हणून त्याच्याकडून सर्व समजून घेतले, त्या युक्त्यांचे पेटंट मिळविले आणि उलट मॅकेवरच दावा लावला, अशी हकीकत प्रसिद्ध आहे. दाव्याचा निकाल मॅकेच्या बाजूने लागला आणि ब्रेकडून त्यास मानधन मिळू लागले, एवढे तरी बरे झाले.

मॅकेची अर्ध्याचे अर्धे करण्याची रीत कारखान्याच्या सोयीची होती. टोके उस्तादाने काढावीत आणि मधली चित्रे हाताखालच्याने भरावीत, म्हणजे उस्तादाचा वेळ वाचतो. न्यूयॉर्कमध्ये मॅक्स फ्लायशर याच्या चित्रशाळेत डिक ह्यूमर हा वाकबगार चित्रकार होता. त्याच्या हातून अधिक काम निघावे म्हणून फ्लायशरने १९२०नंतरच्या दशकात त्याच्या हाताखाली आर्ट डेव्हिस या तरुणास मधली चित्रे भरण्यास बसविले. ‘इनबिट्वीनर’ या नव्या पेशाचा आद्य पुरुष म्हणून डेव्हिसचेच नाव घेतात.

वॉल्ट डिस्नेच्या चित्रशाळेत ही वाटणी पूर्णत्वास गेली. हालचालीचा अर्थ सांगणारी चित्रे, ज्यांस ‘की’ किंवा ‘एक्स्ट्रीम’ म्हणत, ती प्रमुख चित्रकार काढी. दोन टोकांमधून हालचाल कोणत्या वाटेने जाईल हे दाखविणारे ‘ब्रेकडाउन’ चित्र बहुधा साहाय्यक काढी. उरलेली सर्व इनबिट्वीनरच्या वाट्याला येत. परंतु येथे एक लहानशी गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढचे सारे तिच्यावर अवलंबून आहे. प्रमुख चित्रकार आपल्या चित्राच्या कडेला शिडीसारखी एक उभी रेघ ओढून तिच्यावर आडव्या खुणा करी. मधले प्रत्येक चित्र दोन टोकांच्या दरम्यान नेमके कोठे पडावे, हे त्या खुणा सांगत. खुणा क्वचितच समान अंतरावर असत. बहुधा त्या दोन्ही टोकांशी दाट आणि मध्ये विरळ असत. कारण जड वस्तू एकदम वेग घेत नाही आणि एकदम थांबतही नाही. तेव्हा मधली चित्रे जरी शिकाऊ माणूस काढी, तरी त्यांतील विचार उस्तादाचा असे, आणि तो कागदाच्या समासात लिहिलेला असे.

हे काम प्रचंड होते. डिसेंबर १९३७मध्ये प्रथम दाखविण्यात आलेला ‘स्नो व्हाइट’ हा चित्रपट सुमारे ८३ मिनिटांचा आहे. म्हणजे एक लक्ष एकोणीस हजारांहून अधिक चौकटी. त्यामागे मधली चित्रे भरणाऱ्यांचे बाकच्या बाक होते. तो बाक कंटाळवाणा खरा, पण ती शाळाही होती. फ्रँक थॉमस १९३४ साली आणि ऑली जॉन्स्टन १९३५ साली डिस्नेकडे आले आणि खालच्या पायरीपासून शिकत पुढे या कलेचे आचार्य झाले. दुसऱ्यांच्या दोन चित्रांमधील वाट शंभर वेळा चालून पाहिली, म्हणजे ती दोन चित्रे तशी का आहेत हे हातास कळू लागते. मात्र बाकावरच्यांचे वेतन आणि वरच्यांचे वेतन यांत फार अंतर असे. मे १९४१मध्ये डिस्नेच्या चित्रशाळेत मोठा संप झाला, त्याच्या कारणांत ही विषमता होती. आर्ट बॅबिट हा स्वतः चांगला पगार मिळविणारा चित्रकार संपवाल्यांच्या बाजूने उभा राहिला, हे त्यास भूषणावह आहे.

ही डिस्ने-पद्धती मुंबईस आली तीही एका माणसाच्या हातून. क्लेअर वीक्स हा मिशनरी आईबापांचा, हिंदुस्थानातच जन्मलेला मुलगा डिस्नेकडे चित्रकार झाला होता. अमेरिकेच्या तांत्रिक साहाय्य योजनेतून तो १९५६ साली मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये शिकवावयास आला, आणि १९५७ साली तेथे जातककथेवरील ‘बॅनियन डिअर’ हा चित्रपट तयार झाला. पुढे भारतीय अॅनिमेशनचे पितामह म्हणून ओळखले गेलेले राम मोहन हे त्याच्याच तालमीत शिकले.

आता कॅनडाची राजधानी ओटावा येथे यावयाचे. तेथील नॅशनल रिसर्च कौन्सिल या सरकारी संशोधन संस्थेत नेस्टर बर्टनिक नावाचे अभियंता होते. १९६९ साली कॅलिफोर्नियातील एका परिषदेत डिस्नेच्या चित्रकाराचे व्याख्यान त्यांनी ऐकले. प्रमुख चित्रकार मुख्य चित्रे काढतात आणि साहाय्यक मधली भरतात, हे वर्णन कानी पडताच त्यांच्या मनात आले की, हे साहाय्यकाचे काम तर संगणकाने करण्याजोगे आहे. ओटावास परतल्यावर त्यांनी व त्यांचे सहकारी मार्सेली वेइन यांनी तशी व्यवस्था उभारली. कलावंताने दोन रेखाचित्रे संगणकास द्यावीत, मध्ये किती चौकटी हव्यात ते सांगावे. मधली चित्रे यंत्र काढील. १९७१ साली त्यांनी या पद्धतीवर निबंध प्रसिद्ध केला. कीफ्रेम हा शब्द संगणकाच्या जगात रूढ होण्यास या दोघांचे काम मोठे कारण झाले.

यंत्र मधले चित्र कसे काढी? शाळेतील त्रैराशिकाने. पहिल्या चित्रात एक बिंदू १० या अंकावर आहे, शेवटच्या चित्रात ५० वर आहे आणि मध्ये आठ पावले आहेत. तर प्रत्येक पावलास ५. म्हणजे १०, १५, २०, २५, ३०, ३५, ४०, ४५, ५०. गणित बिनचूक, परंतु पडद्यावर ते मेलेले दिसे. जिवंत हात तेच अंतर १०, ११, १५, २२, ३०, ३८, ४५, ४९, ५० असे काहीसे तोडतो. दोन्ही ओळींची टोके तीच, मधला अंकही तोच. फरक आहे तो दाटीविरळीचा. समासातील शिडीच्या खुणा ज्या सांगत होत्या, त्या येथे कोणी सांगितल्याच नव्हत्या.

याहून मोठी अडचण वाटेची होती. एक हात आडवा पसरलेला आहे आणि तो सरळ वर न्यावयाचा आहे. खऱ्या हाताचे बोट खांद्याभोवती वर्तुळाच्या कमानीतून जाते. त्रैराशिक मात्र बोटाला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ रेषेत नेते. परिणाम असा की दहा इंच लांबीचा हात मध्यावर येईतो जेमतेम सात इंचांचा होतो आणि वर पोहोचताच पुन्हा दहाचा. हात उजवीकडून पूर्ण फिरवून डावीकडे न्यावयाचा असेल, तर मध्यावर तो खांद्यातच गडप होतो. बाकावरच्या सर्वांत नवख्या पोरानेही अशी चूक केली नसती, कारण त्याला स्वतःस हात होता.

पीटर फोल्डेश या हंगेरीत जन्मलेल्या चित्रकाराने या व्यंगाचेच भांडवल केले. कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डाने त्यास ओटावाच्या यंत्रावर काम करावयास आणले. १९७१ साली ‘मेटाडेटा’ हा प्रयोग आणि पाठोपाठ ‘हंगर’, फ्रेंचमध्ये ‘ला फें’, हा अकरा मिनिटांचा चित्रपट त्याने केला. त्यात एक मनुष्य खात सुटतो. वस्तू माणसांत आणि माणसे वस्तूंत वितळत जातात, तो फुगत जातो, आणि अखेरीस भुकेलेल्यांचा जमाव त्यालाच खाऊन टाकतो. वितळणाऱ्या देहांना हाडे नसतात. त्यामुळे यंत्राची बिनहाडांची हालचाल येथे विषयास शोभून गेली. १९७४ साली कान येथे लघुपटांच्या परीक्षकांनी त्यास पारितोषिक दिले आणि ऑस्करसाठीही त्याचे नाव पुढे आले. दोष झाकण्याऐवजी त्यास साजेसा विषय शोधणारा कलावंत विरळा. फोल्डेश १९७७ साली निवर्तला, नाहीतर त्याने आणखी काय केले असते कोण जाणे.

परंतु प्रत्येक कथा काही वितळणाऱ्या माणसांची नसते. बर्टनिक आणि वेइन यांनी आपल्या कृतीतील उणीव ओळखली आणि १९७६ सालच्या निबंधात तीवर उपाय सुचविला: चित्राच्या आत काही रेषांचा एक सांगाडा कल्पावा, कलावंताने तो सांगाडा हलवावा, आणि भोवतालच्या रेषांनी त्याच्या मागोमाग जावे. म्हणजे जे हाड यंत्राने गाळले होते, ते परत आणावे. याच सुमारास न्यूयॉर्कजवळील लाँग आयलंडवरील एका तंत्रशिक्षण संस्थेत एड कॅटमल यांनी मधल्या चित्रांसाठी ‘ट्वीन’ नावाची आज्ञावली लिहिली होती. ती लिहूनच त्यांस अडचणीचे मूळ कळले असावे. १९७८ सालच्या निबंधात त्यांनी ते स्पष्ट मांडले. चित्रकाराच्या मनात पात्र घन असते, त्यास पाठपोट असते. कागदावर उतरते ती त्याची सपाट छाया. एक पाय दुसऱ्याआड गेला तर तो कागदावर नाहीच. पण इनबिट्वीनरला तो तेथे आहे हे ठाऊक असते. यंत्रापुढे केवळ रेघा असतात.

मग वाट बदलली. कागदावरची चित्रे यंत्रास देण्याऐवजी संगणकातच खांदे, कोपर, मान असलेली घन बाहुली रचावयाची आणि प्रत्येक सांध्याचा कोन मुख्य चौकटींवर नोंदवावयाचा, ही रीत पुढे आली. कोनाचे मध्यमान काढले की बोट आपोआप कमानीतून जाते. हात आखूड होण्याचे दुखणे गेले. दाटीविरळीचे मात्र उरले. त्यासाठी प्रत्येक सांध्याच्या हालचालीचा आलेख काढू लागले: आडवा काळ, उभा कोन. मुख्य चौकटी म्हणजे त्या आलेखावरील ठिपके, आणि ठिपके जोडणारी वक्ररेषा म्हणजे सगळी मधली चित्रे. रेषा जेथे निजलेली तेथे हालचाल मंद, जेथे चढी तेथे जलद. समासातली शिडी आता आलेखाच्या कागदावर आली.

या वक्ररेषांचा उगम मोठा गमतीचा आहे. जहाजांचे आराखडे काढणारे कारागीर लाकडाची लवचीक पट्टी शिशाच्या वजनांनी जागोजाग दाबून धरीत. वजनांच्या मध्ये पट्टी आपल्या स्वभावाने जशी वळे, तशी रेषा आखून घेत. तिला स्प्लाइन म्हणत. तेच नाव गणितातील वक्ररेषेस मिळाले. ठिपक्याला दोन बाजूंस मिशांसारख्या दांड्या असतात आणि त्या ओढून रेषा वळविता येते, ती युक्ती फ्रान्समधील मोटारींच्या कारखान्यांतून आली. सित्रोएनचे पॉल द कास्तेल्जो आणि रेनोचे पिएर बेझिए यांनी मोटारींचे पत्रे वळविण्यासाठी ते गणित बसविले, आणि बेझिए यांचे नाव त्यास चिकटले. जहाजाचा बाक आणि मोटारीचे बॉनेट यांच्या गणिताने कागदी बाहुलीचा हात हलू लागला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

पट्टीचा एक दुर्गुणही रेषेने घेतला. दोन वजने अगदी जवळजवळ पण बऱ्याच उंचसखल ठेवली, तर पट्टी त्यांच्या पलीकडे फुगते. आलेखावरही तसेच होते. पाय जमिनीवर टेकला अशी मुख्य चौकट असावी आणि रेषेने मात्र तो पुढच्या दोन चौकटी जमिनीच्या आत न्यावा! अशा वेळी चुकीची चौकट हुडकावयाची, ती पुढेमागे सरकवावयाची, दांडी आखूड करावयाची, एखादी नवी चौकट घालावयाची, आणि पुष्कळदा एखादी काढून टाकावयाची. कारण ठिपके फार झाले की रेषा गचके खाते. १९८४ साली कॅनडाच्या फिल्म बोर्डातील डोरिस कोचानेक व वॉटर्लू विद्यापीठातील रिचर्ड बार्टेल्स यांनी प्रत्येक ठिपक्यापाशी रेषेचा ताण, सलगपणा व कल वेगवेगळा बदलण्याची सोय करून दिली, ती याच त्रासातून.

या सर्व गणितास कलेचा कान कोणी पिळला असेल तर तो जॉन लॅसिटर याने. डिस्नेच्या परंपरेत शिकलेला हा तरुण संगणकवाल्यांत येऊन पडला. १९८६ साली त्याने ‘लक्झो ज्युनिअर’ या दोन मिनिटांच्या चित्रपटात टेबलावरच्या दोन दिव्यांना बाप आणि मूल करून दाखविले, आणि १९८७ सालच्या निबंधात सांगितले की, डिस्नेच्या बाकावर ठरलेले नियम संगणकावरही तसेच लागू आहेत. मुख्य चौकटींमधली रेषा यंत्र ओढीत असले तरी ती तपासण्याची जबाबदारी कलावंताची. रेषा टोकापलीकडे फुगण्याचा दोषही त्याने तेथे नोंदविला आहे. १९९५ साली ‘टॉय स्टोरी’ आला, तेव्हा वुडी या बाहुल्याच्या अंगी हालविण्याजोग्या सातशेहून अधिक कळा होत्या, त्यांतील दोनशेहून अधिक नुसत्या चेहऱ्यात. प्रत्येक कळेस आपला आलेख, आणि प्रत्येक आलेखावर आपले ठिपके. काम नाहीसे झाले नव्हते. बाकावरून उठून ते उस्तादाच्याच टेबलावर येऊन बसले होते.

आज या व्यवसायात जी रीत सर्रास चालते, ती पाहून ओटावाच्या संशोधकांस हसू आले असते. कित्येक कलावंत कामास बसताच प्रथम यंत्राची मधली चित्रे बंद करून टाकतात. मुख्य मुद्रा एकामागून एक उड्या मारीत दिसतात. त्यांची वेळ, त्यांचा अर्थ, त्यांचे वजन मनासारखे ठरले, ब्रेकडाउनही स्वतःच्या हाताने बसविले, की मग यंत्रास रेषा ओढू देतात. आणि ती ओढताच पात्र पाण्यात तरंगल्यासारखे दिसू लागते. मग ठिपक्यांची सरकासरक सुरू होते, ती कित्येक दिवस चालते.

हाताने काढलेल्या चित्रांच्या जगात तो बाक अजूनही आहे. जपानात मधली चित्रे बऱ्याच अंशी आजही माणसे काढतात, आणि अमेरिकेच्या मालिकांचे हे काम गेल्या शतकाच्या उत्तरार्धात आशियातील देशांकडे वळले. मनिला, सोल आणि पुढे मुंबई-हैदराबादच्या चित्रशाळांनीही ते केले. वेतनाचे अंतर मात्र १९४१च्या संपानंतरही मिटले नाही. आता ते एका इमारतीच्या दोन मजल्यांत न राहता दोन खंडांत पसरले. आणि जेथे बाकच उरला नाही, तेथे नवख्याने दुसऱ्याच्या चित्रांमधली वाट चालून कसे शिकावे, याचे उत्तर संगणकाच्या शाळांनी अद्याप समाधानकारक दिलेले नाही.

बर्टनिक आणि वेइन यांच्या कामाची ऑस्कर देणाऱ्या अकादमीने १९९७ साली तांत्रिक पारितोषिक देऊन कदर केली. त्यांच्या कल्पनेवर चालणारी साधने पूर्वी फार महाग असत. २००२ साली हॉलंडमधील ब्लेंडर या आज्ञावलीचा मालकी हक्क सोडविण्यासाठी लोकांनी वर्गणीने एक लक्ष युरो जमविले, आणि तेव्हापासून ती कोणासही फुकट मिळते. तिच्यात मुख्य चौकटींची मांडणी ज्या पटलावर दिसते, त्याचे नाव ‘डोप शीट’ असे आहे. जुन्या चित्रशाळांत कोणते चित्र किती चौकटी टिपावयाचे, याची जी कागदी नोंद कॅमेरावाल्याकडे जाई, तिलाही हेच म्हणत. या पटलावर प्रत्येक चौकट एका छोट्या चौकोनी हिऱ्यासारखी दिसते. कलावंताने सांगितले तर टोकाच्या चौकटीची खूण मोठी व गुलाबी होते, तिचे नाव ‘एक्स्ट्रीम’. वाट दाखविणाऱ्या चौकटीची खूण लहान व निळी, तिचे नाव ‘ब्रेकडाउन’. हे रंग केवळ पाहणाऱ्याच्या सोयीसाठी आहेत. रेषा ओढताना यंत्र त्यांची दखल घेत नाही.